छोटी यॉट की मोठी बोट: लिव्हअबोर्डवर पैसे कशाचे मोजायचे?

पहिल्याच लिव्हअबोर्डसाठी, म्हणजे बोटीवरच राहून करायच्या डायव्हिंगच्या सफरीसाठी, बारा जणांची छोटी ‘लक्झरी’ यॉट घ्यावी की चोवीस जणांची मोठी बोट, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या २२ डाइव्ह झाल्यात, मिस्टरांच्या ३०, आणि केबिनचे फोटो बघून मन यॉटकडे झुकलंय. दोन्ही तऱ्हेच्या बोटींवर मिळून माझ्या नऊ सफरी झाल्या आहेत. छोटी घ्या, असंच सांगेन. फक्त केबिनसाठी घेऊ नका. केबिनमध्ये तुम्ही फक्त झोपायला जाणार, तेही रात्री नऊला, कारण दिवसाला तीन-चार डाइव्ह केल्यावर डोळे उघडे राहत नाहीत.

छोट्या बोटीचा फायदा पाण्यात उतरल्यावर कळतो. चोवीस जण म्हणजे चार गट, आणि पाण्याखालची टेकडी एकच. चौथ्या गटात असलात तर शार्क केव्हाच निघून गेलेला असतो आणि समोर फक्त पुढच्यांचे बुडबुडे. बारा जणांत हा घोळ होत नाही. पण बोट छोटी म्हणून गटही छोटा असेल, असं धरून चालू नका. बारा जणांमागे एकच गाइड ठेवणाऱ्या चकचकीत यॉटीही असतात. चार जणांमागे एक गाइड असेल तर उत्तम, सहांमागे एक चालेल, आठ झाले की ती मिरवणूक. डिंग्या, म्हणजे डायव्हरना ने-आण करणाऱ्या छोट्या मोटरबोटी, किती, हेही विचारा. दोन हव्यातच. करंटमध्ये वाहत गेलेले लोक गोळा करताना एकीचं इंजिन बंद पडलं, तर दुसरी कुठून आणणार?

माझ्या लेखी खरी चैन डाइव्ह डेकवर असते. पहिल्या दिवशी तुम्हाला टँकची एक जागा मिळते आणि आठवडाभर ती तुमचीच. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) आणि रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) एकदाच जोडायचे, टँक जागच्या जागी नळीने भरला जातो. किनाऱ्यावरून रोज डायव्हिंग करणाऱ्याला हे सुख काय असतं ते विचारा. याच सुखात माणूस गाफीलही होतो. सगळं जोडलेलंच आहे म्हणून कोणी तपासत नाही. दर डाइव्हआधी टँकमधला दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून तोंडाने चार श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी, लोक सरावले की, हे हमखास घडतं. माझ्या बाबतीत दोनदा घडलंय.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स केला नसेल तर निघण्याआधी उरकून घ्या. साध्या हवेत नायट्रोजन ७९ टक्के, ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्समध्ये ६८. एका डाइव्हला फरक जाणवणार नाही, पण आठवडाभर रोज चार डाइव्ह करताना शरीरात नायट्रोजन साठत जातो आणि तिथे हे अकरा टक्के उपयोगी पडतात. मोबदल्यात खोलीची मर्यादा येते: ३२ टक्क्यांना साधारण ३३ मीटर. टँकमधला ऑक्सिजन दर वेळी स्वतः मोजायचा, मगच वहीत सही करायची. गाइडने मोजलाय म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता तारखांचं. लोक हंगाम बघतात, चंद्र बघत नाहीत. प्रवाळबेटांमधल्या खाड्यांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला करंट असा असतो की खडकाला हुक लावून झेंड्यासारखं फडफडत राहायचं. मोठे मासे तेव्हाच येतात, हे खरं. पण २२ डाइव्हवर ती मजा नसते, दमछाक असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीचा आठवडा धरा.

ठिकाणाबद्दलही तेच. लाल समुद्रातल्या ब्रदर्स आणि डीडॅलस या डायव्हिंगच्या जागांसाठी किमान ५० डाइव्हची अट असते. गॅलापागोसच्या डार्विन आणि वुल्फ बेटांपाशी पाणी गार, करंट जबरदस्त. कोकोस बेट कोस्टा रिकापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे जाताना दीड दिवस नुसता प्रवास. फिलिपिन्समधलं तुब्बताहा अप्रतिम, पण साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच. तुम्हाला मालदीवची मधली प्रवाळबेटं किंवा थायलंडची सिमिलन बेटं जास्त मानवतील. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरची मर्यादा आहे, नवख्याला ती बरीच. सिमिलनचं उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं.

बोट लागते का तुम्हाला? छोटी यॉट जास्त हेलकावे खाते. वरच्या डेकवरची मोठ्या खिडकीची केबिन सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त डुलणारी. पोट नाजूक असेल तर खालची, मधली घ्या. अगदी मागे नको, तिथे रात्रभर जनरेटर कानाशी. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर नाही. आणि तिने झोप येते का, ते आधी जमिनीवर बघून घ्या.

खालची केबिन घ्या म्हणालो खरा, पण त्याला एक अट आहे, आणि माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यापेक्षा ती महत्त्वाची. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ ही डायव्हिंग बोट जळाली. खालच्या डेकवर झोपलेले सगळेच्या सगळे ३४ जण गेले. जिना आणि आपत्कालीन झडप असे दोन मार्ग होते, पण दोन्ही वरच्या एकाच खोलीत उघडत होते, आणि ती खोलीच पेटलेली होती. रात्री फेरी मारणारं कोणी जागं नव्हतं.

तेव्हापासून बोटीवर चढलो की बॅग उघडायच्या आधी मी संकटकाळची वाट शोधतो. एका नव्याकोऱ्या यॉटवर ती माझ्या पलंगाच्या डोक्याशी, लाकडी झडपेमागे होती. ढकलली, तर चार बोटं उघडून अडकली. पलीकडच्या कोठीत बिछान्यांच्या गाद्या रचून ठेवलेल्या. कॅप्टनला दाखवलं. तो ओशाळला, आणि दहा मिनिटांत कोठी रिकामी झाली. माझ्या आधी तिथे झोपून गेलेल्यांपैकी कोणीच ती झडप ढकलून पाहिली नसावी.

तेव्हा बुकिंगआधी लेखी विचारा: रात्री कोण जागं असतं? खालच्या केबिनमधून बाहेर पडायचे दोन मार्ग वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात का? कॅमेरे आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात? केबिनमध्ये, रात्रभर, कोणाचं लक्ष नसताना होत असतील तर दुसरी बोट बघा. चौथा प्रश्न ऑक्सिजनचा. ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. दहा लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात २००० लिटर वायू मावतो. डीकंप्रेशनचा त्रास (साठलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होणं) झालेल्याला मिनिटाला १५ लिटर दिला तर तो सव्वादोन तासांत संपतो. जवळचं रीकंप्रेशन चेंबर, म्हणजे यावर उपचार करायची दाबाची खोली, दहा तासांवर असेल तर एका सिलिंडरने काय होणार? डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या, साध्या प्रवासविम्यात बऱ्याचदा हे बसत नाही.

या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी बोट जुनाट दिसली तरी मी तिच्यावर जाईन. जकुझीचे फोटो पाठवणारीवर जाणार नाही.

आणखी एक. सगळ्या डाइव्ह करायलाच हव्यात असं नाही. पैसे भरलेत म्हणून चौथ्या दिवशीही दुखरे कान घेऊन उतरणारे मी बघितलेत. उरलेला आठवडा ते डेकवरच बसून होते. एखादी दुपारची डाइव्ह सोडा, झोपा. छोट्या बोटीवर गाइड तुम्हाला नावाने ओळखतो, तुम्ही का उतरला नाहीत ते येऊन विचारतो. हाही तिचा एक फायदाच.

परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह कधी ते आधी विचारा. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं लागतं. मी २४ धरतो. म्हणजे सात रात्रींच्या सफरीत डायव्हिंगला साडेपाच दिवसच मिळतात. शेवटची दुपार ओले सूट वाळवण्यात आणि कोणाचा सॉक्स कोणाकडे गेला ते शोधण्यात जाते.