दहावीची परीक्षा झाली, वय १६, घरी वेल्डिंग मशीन आहे. शिकताना काय काय बनवावं?

तू लिहिलंयस की वडिलांनी औजारांच्या दुरुस्तीसाठी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलंय. तू रोज संध्याकाळी लोखंडी पट्टीवर सरावाच्या रेघा मारतोस, रॉड (वितळून सांधा भरणारी कांडी) चिकटतो, रेघ नागमोडी जाते आणि मित्र हसतात. गावातला वेल्डर म्हणतो, वर्षभर नुसत्या रेघाच मार, वस्तूला हात लावू नकोस.

मी सांगली जिल्ह्यात फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो. आयटीआय करून आलेली पोरं माझ्या हाताखाली शिकतात. रेघा मारायलाच हव्यात, यात वाद नाही. पण नुसत्या रेघांवर ठेवलेलं पोर महिन्याभरात कंटाळतं आणि मशीनवर धूळ बसते. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच काहीतरी बनवायला घे. वस्तू निवडताना दोनच गोष्टी बघ: तिच्यात कोणता सांधा शिकायला मिळतो, आणि ती तुटली तर कुणाला लागेल का.

वस्तूंकडे जाण्याआधी डोळे. चष्म्यासारखी काळी काच किंवा हातात धरायचा पुठ्ठ्याचा तुकडा चालणार नाही. पूर्ण तोंड झाकणारी स्क्रीन घे, तुझ्या करंटला १० किंवा ११ नंबरची काच. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी झगझगीत ठिणगी, उघड्या डोळ्यांनी बघितला तर तेव्हा काहीच होत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि पाणी थांबत नाही. मग घरात कुणी बटाट्याची चकती ठेवतं, कुणी दूध घालतं. यातलं काहीही डोळ्यांत घालायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. शेजारी उभं राहून बघणाऱ्या धाकट्या भावंडांनाही तेच होतं, त्यांना लांब ठेव.

कपडे सुती, बाह्या पूर्ण, पायात चामड्याचे बूट, हातात चामड्याचे मोजे. टेरिलिनची पँट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. कडब्याची गंजी, पेट्रोलची बाटली आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी यांच्याजवळ मशीन चालूच करू नकोस. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच आसपास राहा, कारण भुशात पडलेली ठिणगी लगेच धूर देत नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून रॉड बदलायचा नाही. बंद ड्रम, तेलाची टाकी, मोटारसायकलची पेट्रोल टाकी, शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांना कधीच आर्क लावायचा नाही, कितीही रिकामे दिसले तरी. जीआय पाइप, म्हणजे पांढरट जस्त चढवलेला नळाचा पाइप, सध्या बाजूला ठेव. जस्ताचा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. आणि ग्राइंडर! वेल्डिंगपेक्षा जास्त माणसं मी ग्राइंडरने जखमी झालेली पाहिली आहेत. त्याचं गार्ड काढायचं नाही, डोळ्यांवर पारदर्शक गॉगल हवाच, आणि वडील किंवा दुसरं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तो चालवायचा नाही.

आता रॉड का चिकटतो ते. बहुतेक वेळा करंट कमी असतो किंवा रॉड ओलसर असतो. तुझ्याकडे ६०१३ नंबरचे रॉड असणार, आपल्याकडे सगळीकडे तेच मिळतात आणि शिकायला तेच चांगले. ५ मिमीच्या पट्टीवर ३.१५ मिमीचा रॉड १०० ते १२० अँपिअरवर चालव, २.५ मिमीचा ७० ते ८० वर. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात, तेव्हा हेच आकडे कमी पडतात. शक्यतो सकाळी सराव कर. रॉडचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. रॉडच्या टोकाचं आणि पट्टीचं अंतर रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढंच हवं. रॉड थोडा आपल्या हाताच्या दिशेला झुकवून ओढत न्यायचा, म्हणजे स्लॅग (रॉडवरच्या लेपाची वितळलेली मळी) मागे राहतो, पुढे पळत नाही. आणि नजर झगझगीत उजेडावर नको, त्याच्या मागे वितळलेल्या लोखंडाचं जे डबकं असतं त्याच्यावर ठेव. रेघ सरळ यायला लागते ती डबकं दिसायला लागल्यापासून. मित्रांनी हसायचं ते हसू दे, त्यांच्यापैकी कुणाला ते डबकं दिसलेलं नाही.

पहिली वस्तू म्हणून मी दारातली चिखल खरवडायची पट्टी सांगेन. जूनमध्ये शेतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेला किलोभर काळी माती असते. अँगलचे (एल आकाराच्या लोखंडाचे) फूट-दीड फुटाचे दोन तुकडे उभे, त्यांच्यामध्ये ४० बाय ५ मिमीची पट्टी कडेवर आडवी. पट्टी जिथे अँगलला टेकते तिथे दोन्ही बाजूंनी वेल्ड, म्हणजे इंग्रजी टी सारखे दोनच सांधे (टी-जॉइंट) आणि चार लहान वेल्ड. खालचा भाग जमिनीत गाडून सिमेंट घालायचं. सांधा सुटलाच तर चप्पल खरवडायची राहील, बाकी काही होणार नाही. आणि घरातला प्रत्येक माणूस दिवसातून चारदा तुझ्या कामावर पाय ठेवेल.

पण ती गाडायच्या आधी एक काम कर, या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं. तसाच एक टी-जॉइंट फालतू तुकड्यांवर मार, फक्त एका बाजूने. थंड झाला की व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) धर आणि वेल्डच्या बाजूला दुमडेल असा हातोड्याने ठोक, तुटेपर्यंत. मग तुटलेली जागा उजेडात नेऊन बघ. वेल्डचं लोखंड दोन्ही तुकड्यांत शिरलेलं असेल तर तुटलेली जागा पूर्ण लांबीभर खरबरीत आणि करडी दिसेल. कोपऱ्यात पट्टीची मूळ सरळ धार जशीच्या तशी राहिली असेल, तर आत काही वितळलेलंच नाही, लोखंड वरून नुसतं बसलंय. काळे, काचेसारखे तुकडे अडकलेले असतील तर तो स्लॅग. बारीक भोकं असतील तर रॉड ओला होता, आर्क लांब होता किंवा पट्टीवर गंज नाहीतर रंग होता. वरून सुंदर दिसणारी रेघ आतून पोकळ निघते आणि ओबडधोबड रेघ पट्टी वाकली तरी सुटत नाही, हे या तोडण्यातूनच कळतं. गावातला वेल्डर तुला वर्षभरात जे सांगेल त्यातलं बरंचसं हा तुटलेला तुकडा एका दुपारी सांगतो. दर आठवड्याला एक सांधा तोडून बघ आणि तुकड्यावर खडूने तारीख आणि करंट लिहून ठेव. जाड तुकड्यावर करंट वाढवल्यावर काय बदललं ते तुझं तुलाच दिसेल.

दुसरी वस्तू माठाची तिवई. तीन पायांची वस्तू कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, त्यामुळे पायांची लांबी थोडी कमीजास्त झाली तरी निभावतं. १० मिमीचा साधा गज घे, एखाद्या जाड पाइपाभोवती वाकवून कडं कर. कडं माठाच्या पोटापेक्षा लहान हवं, म्हणजे माठ त्यात बसेल, आरपार जाणार नाही. पाय थोडे बाहेर फाकलेले, आणि खाली तिघांना जोडणारं दुसरं कडं. इथे गोल गजावर गोल गज जोडायचा असतो, टेकायला जागा जेमतेम, म्हणून हात स्थिर धरायची सवय लागते. झाल्यावर लगेच माठ ठेवू नकोस. वाळूची गोणी दोन दिवस ठेव, मग आईच्या ताब्यात दे.

यांच्यामध्ये कधीही करता येण्यासारखं म्हणजे विळे, कोयते, दावी अडकवायची हुकांची पट्टी. ८ मिमीच्या गजाचे वाकवलेले तुकडे आणि २५ बाय ५ ची पट्टी. एका दुपारचं काम आहे.

वांगी आणि कणसं भाजायची जाळीही चांगली, कारण तिच्यात एकाच जातीचे वीस-पंचवीस छोटे सांधे येतात आणि पहिल्या सांध्यात आणि शेवटच्या सांध्यात फरक दिसतो. मात्र खाण्याशी संबंध आहे, तेव्हा जस्त चढवलेलं किंवा रंगवलेलं भंगार इथे वापरायचं नाही, स्लॅगचा कणही राहता कामा नये. ब्रशने घासून, तेल लावून एकदा रिकामीच चांगली तापव.

हे जमलं की स्वतःसाठी वेल्डिंगचं टेबल कर. जमिनीवर उकिडवं बसून केलेल्या वेल्डिंगमध्ये निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाते. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल, चौकट दोन फूट बाय अडीच फूट, वर भंगारातून मिळेल तेवढी जाड प्लेट. या चौकटीत तुझी गाठ लोखंडाच्या ओढीशी पडेल. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला वेल्ड मारलाय त्या बाजूला तुकडा ओढून घेतं. गुण्याला (काटकोन तपासायच्या औजाराला) बरोबर बसलेला कोपरा एक पूर्ण वेल्ड मारला की उघड्या डोळ्यांना दिसेल इतका फिरतो, आणि चौथा कोपरा जुळतच नाही. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना नुसते छोटे टाके मार. मग टेपने दोन्ही कर्ण मोज. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नाही आले तर लांब कर्णाच्या टोकाला हातोडीने ठोकून जुळव, टाका तेवढा वाकतो. पुन्हा मोज. मगच पूर्ण वेल्ड, तेही एकामागून एक शेजारचे कोपरे न घेता समोरासमोरचे, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन. भूमितीच्या पेपरात कर्ण सारखे असल्याचं तू सिद्ध केलं असशील, इथे त्याच्यावर टेबल उभं राहतं.

चौकोनी पाइपाचं स्टूल, चप्पल स्टँड, अभ्यासाचं टेबल हे त्यानंतर. १६ गेजचा पाइप जेमतेम दीड मिमी जाड असतो, क्षणभर थांबलास की भोक पडतं. २.५ चा रॉड, ५५ ते ६५ अँपिअर, होल्डर (रॉड धरायचा चिमटा) मशीनच्या उण्याच्या (−) बाजूला लावून बघ, आणि लांब रेघ न मारता टाक्याशेजारी टाका मारत जा. जमत नसेल तर २ मिमी जाडीचा पाइप घे. किंमत थोडी जास्त, पण शिकताना डोकं शांत राहतं.

जुनी चेन, स्प्रॉकेट, स्पार्क प्लग यांपासून पक्षी, पोळ्याचा बैल असलं काही करावंसं वाटलं तर जरूर कर. वजन पेलायचं नसतं, त्यामुळे मन मोकळं राहतं. फक्त पिवळसर किंवा चकचकीत मुलामा असलेले नट-बोल्ट टाळ.

आता काय करायचं नाही ते. झोपाळा नाही. शिडी नाही. पाण्याच्या टाकीचा स्टँड, जिन्याचा कठडा, गाडीची चासी, ट्रॉलीचा हूक, यांतलं काहीही नाही. सराव वाढला की वडीलच म्हणतील, हूक तुटलाय, जरा टाका मार. नाही म्हणायला अवघड जाईल हे मला कळतं, पण नाही म्हण. भरलेली उसाची ट्रॉली उतारावर सुटली तर पुढे कोण असेल सांगता येत नाही. बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पंपाचे भागही तुझ्या ६०१३ ने धरणार नाहीत, थंड होताना शेजारी तडा जातो. तो वेगळा रॉड आणि वेगळी पद्धत आहे.

यात पुढे काही आहे का, असंही तू शेवटी विचारलंस. आहे. आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो, तू तर दहावी दिलीस. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला गेलास तरी हात शिकलेला इंजिनिअर कारखान्यात लगेच ओळखू येतो. बॉयलरवर काम करणाऱ्या वेल्डरला भारतीय बॉयलर विनियम, १९५० प्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तसा माणूस साखर कारखान्यांना हवाच असतो. ओळख निघाली तर गाळप हंगामात एकदा कारखाना बघून ये. मिलचा रोलर फिरत असताना त्याच्या दातांवर वेल्डर कठीण लोखंडाचे खडबडीत टाके मारत असतो, म्हणजे रोलर ऊस घट्ट धरून आत ओढतो. शिकलेला हात कुठपर्यंत जातो ते तिथे दिसेल.

सध्या एवढंच कर: जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन ५ मिमी पट्टीचे उरलेले तुकडे माग. शिकतोय म्हटलं की बहुतेक जण भंगाराच्या भावात देतात. टी-जॉइंट मार, तोड, आणि तुटलेल्या जागेचा जवळून फोटो काढून इथे टाक. रॉड कोणता, करंट किती, पट्टी किती जाड हेही लिही. काय चुकलं आणि काय जमलं ते मी बघून सांगतो.