‘अहो पण तो कार्टूनच बघत होता!’

रात्री साडेदहाला फोन आला. बाई एका दमात बोलत सुटल्या, मॅडम माझा मुलगा चौथीत आहे, आज टीव्हीवर काय काय शोधलंय ते सहज बघितलं तर त्यात सुसाईड असं टाईप केलेलं आहे, पंधरा दिवस झाले पोरगं नीट झोपत नाहीये, सारखा मानेला हात लावतो, मला काही सुचत नाहीये. मी विचारलं, सुसाईडच्या पुढे अजून काही लिहिलंय का? त्या उठून बघून आल्या. "स्क्वॉड आहे पुढे."

म्हणजे पोरगं एका पिक्चरचं नाव शोधत होतं. मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण म्हणून विषय सोडून द्यायचा नसतो, झोप उडालीये म्हणजे काहीतरी आहेच. दुसऱ्या दिवशी तिघांना बोलावलं. (घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

आईचा प्रश्न तोच, जो मला दर मे महिन्यात दहा जण तरी विचारतात: असलं हाणामारीचं बघून पोरगं हिंसक होणार का? कुठल्याशा फॉरवर्डमध्ये त्यांनी बाहुलीच्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं. तो प्रयोग खरा आहे, १९६१ मध्ये बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केलेला, मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवताना बघितलं की लहान मुलंही तसंच बडवतात. पण बाहुलीला बडवणं वेगळं आणि मोठेपणी गुंड होणं वेगळं, मधे घर असतं, शाळा असते, आईबाप असतात. एका पिक्चरने पोरगं व्हिलन होत नाही, हे मी त्यांना स्पष्टच सांगितलं. बाबा मात्र गप्प. मोबाईल उलटा सुलटा करत बसलेले.

पिक्चर होता सुसाईड स्क्वॉड: हेल टू पे. २०१८ चा, ॲनिमेटेड, त्यामुळे दिसायला अगदी कार्टून. त्यात हिरो नाहीतच, तुरुंगातले व्हिलन आहेत, डेडशॉट, हार्ली क्विन, ब्रॉन्झ टायगर, कॅप्टन बूमरँग वगैरे, आणि अमांडा वॉलर नावाची सरकारी बाई त्यांना जीवावरच्या कामगिरीवर पाठवते. प्रत्येकाच्या अंगात बॉम्ब बसवलेला, ऐकलं नाही तर बटण दाबून डोकंच उडवायचं. यावेळी त्यांना आणायचं असतं एक कार्ड, ज्याच्याकडे असेल तो मेल्यावर नरकात जात नाही, आणि ते एकदाच चालतं. रक्त, शिव्या, सगळं मोठ्यांसाठीचं. अमेरिकेत त्याला आर रेटिंग आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांनी थेटरात मोठ्या माणसासोबतच बघायचा.

मग मी त्याला एकट्याला आत घेतलं आणि सरळ विचारलं, कधी मरून जावंसं वाटतं का रे? बरेच पालक घाबरतात की असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं घुसेल. घुसत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, "नाही. मला मरायचं नाहीये म्हणून तर झोपत नाही."

आणि त्याने मान वळवून केसांखाली बोट ठेवलं. "मावशी, इथे आहे." हात लावून बघितला तर खरंच वाटाण्याएवढी गाठ. पिक्चर बघितल्यावर दोन दिवसांनी अंघोळ करताना ती त्याच्या हाताला लागली होती, आणि त्याने हिशोब केला की आपल्यालाही बसवलाय. कोणी? ते माहीत नाही. पण त्या आठवड्यात त्याने आईचं ऐकलं नव्हतं, आणि न ऐकणाऱ्याचं काय होतं हे त्याने बघितलेलं होतं. नऊ वर्षांच्या डोक्यात हे किती चोख बसतं बघा! आम्ही इकडे हा हिंसक होणार का म्हणून चर्चा करतोय आणि तो बिचारा पंधरा रात्री बॉम्ब घेऊन झोपतोय.

मी म्हटलं, मग आईबाबांना का नाही सांगितलंस? तर खाली बघून म्हणाला, "बाबांना ओरडा बसेल."

तेव्हा उलगडा झाला. आई माहेरी गेली होती, रविवारी दुपारी मटण झालं, पोराने शोधून काढलं, बाबांनी कार्टून आहे म्हणून लावून दिलं आणि पाचव्या मिनिटाला सोफ्यावर आडवे झाले. म्हणजे सोबत मोठं माणूस होतं, पण घोरत. पोराने दीड तासाचा पिक्चर एकट्याने संपवला. आईला हे माहीतच नव्हतं. बाबांनी माझ्यासमोर कबूल केलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नवऱ्याकडे बघितलं, तेवढं पुरे होतं.

गाठीसाठी मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोक्यात फोड होता, त्यामुळे मानेतली ग्रंथी सुजलेली, मुलांमध्ये नेहमीचं. हे मी डॉक्टरांना त्यालाच सांगायला लावलं, त्याच्या डोळ्यात बघून, आईला नाही.

घरच्यांना सांगितलं की ओरडू नका, टीव्ही काढून माळ्यावर टाकू नका. चित्र दिसलं की लहान मुलांचं हे डोक्यातून काढा, लावायच्या आधी वयाचा आकडा बघा. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर तो दाखवावाच लागतो, सात, तेरा, सोळा असा, आणि तेरा प्लसपासून पुढे लॉकची सोय द्यावी लागते. त्याचं वेगळं प्रोफाईल करून पिन टाका. पिन जन्मतारीख नको, ती त्यांना पाठ असते.

आणि बघून झालंच असेल तर काय आवडलं तेही विचारा. मी विचारलं होतं. मला वाटलं मारामारी सांगेल, तर म्हणाला, "शेवटी डेडशॉट ते कार्ड स्वतःला नाही ठेवत, टायगर मरत असतो ना, त्याला देतो." आईला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

तीन आठवड्यांनी परत आले. गाठ बसली होती, त्याने आल्या आल्या मान दाखवली. दिवा लावून झोपतो अजून, झोपू दे. मी विचारलं, आता पिक्चर कोणासोबत बघतोस? "बाबांसोबत. पहिली वीस मिनिटं ते जागे असतात."

"आणि मग?"

"मग मी उठवतो त्यांना."