उत्तेजक इंजेक्शनाने टेस्टोस्टेरॉन कमी कसे होते?

आपण ऐरोलीहून विचारले आहे की, वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन दिले जाते, हे औषध पिट्युटरी ग्रंथीला उत्तेजित करते असे आपण वाचले, डॉक्टर मात्र त्याने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या कर्करोगाला बळ देणारे पुरुषी संप्रेरक, खाली येईल असे सांगतात, तेव्हा यांतले खरे काय. आणि गणपतीला गावी जायचे असल्याने पुढचे इंजेक्शन पंधरा दिवस उशिरा घेतले तर चालेल का. आपण वाचलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले, दोन्ही खरे आहे. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि हाच मुद्दा विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा पटत असे, कारण संप्रेरक जितके जास्त तितका परिणाम जास्त, ही समजूत मनात घट्ट बसलेली असते. पिट्युटरीच्या पेशी संप्रेरकाच्या मात्रेइतकेच, काही बाबतींत तिच्याहूनही अधिक, त्याच्या येण्याजाण्याच्या लयीला प्रतिसाद देतात.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचे दहा अमिनो आम्लांचे छोटे संप्रेरक सोडतो. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून थेट खाली पिट्युटरीत पोहोचते आणि काही मिनिटांतच त्याचे विघटन होते. ते सतत झिरपत नाही. ठरावीक अंतराने त्याचा एकेक झोत येतो आणि मधल्या काळात शांतता असते. ही शांतता ध्यानात ठेवावी, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

जीएनआरएच पेशीच्या आत शिरून काम करत नाही. पेशीच्या आवरणात सात वेळा आरपार ओवलेले एक प्रथिन असते, त्याला रिसेप्टर म्हणतात, आणि संप्रेरक त्याला बाहेरच्या बाजूने चिकटते. त्यामुळे रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या आतल्या टोकाशी असलेले जी-प्रथिन आपल्याजवळचा जीडीपी नावाचा रेणू सोडून जीटीपी पकडते; इथून निरोप पेशीच्या आत जातो. जागे झालेले हे प्रथिन फॉस्फोलिपेझ सी या विकराला (एन्झाइमला) कामाला लावते, तो विकर आवरणातल्याच एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतो आणि दोन्ही तुकडे निरोप्याचे काम करतात. आयपी-थ्री नावाचा एक तुकडा आत जाऊन पेशीतल्या साठ्यातले कॅल्शियम मोकळे करतो. कॅल्शियम वाढताच एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आवरणाशी येऊन रक्तात रित्या होतात, आणि हे सारे काही मिनिटांत घडते. दुसरा तुकडा आवरणातच राहून प्रोटीन कायनेझ सी या विकराला चेतवतो; तिथून निघालेली विकरांची साखळी केंद्रकापर्यंत जाते आणि एलएच, एफएसएच नव्याने बनवण्यासाठी लागणारी जनुके अधिक वेगाने वाचली जातात. म्हणजे एकाच निरोपाने साठवलेला माल बाहेर जातो आणि नवा माल तयार करण्याची आज्ञाही सुटते. पुढे एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. इकडे जी-प्रथिन थोड्याच वेळात जीटीपीचे पुन्हा जीडीपी करून स्वतःला बंद करते, आणि पेशी पुढच्या झोताची वाट पाहू लागते.

ही वाट पाहणे किती मोलाचे आहे, ते अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवले. ज्या ऱ्हीसस माकडिणींचे स्वतःचे जीएनआरएच थांबवले होते, त्यांना ते दर तासाला सहा मिनिटे दिल्यावर एलएच आणि एफएसएच पूर्ववत झाले. तेच संप्रेरक अखंड दिल्यावर दोन्ही घसरले, आणि पुन्हा तासातासाने देताच परत वर आले. हा प्रयोग मी शिकवताना दर वर्षी सांगत असे, कारण त्यात रेणूही तोच आणि पेशीही त्याच होत्या, बदलली होती ती केवळ लय.

ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचचेच थोडे बदललेले रूप आहे. त्यातले सहावे अमिनो आम्ल आणि शेवटचे टोक बदलल्यामुळे ते लवकर तुटत नाही, रिसेप्टरला अधिक घट्ट चिकटते, आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनात ते अशा कणांत बांधलेले असते की हळूहळू सुटत राहते. पेशीला मधली शांतता मिळतच नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा ती नेमाने प्रतिसाद देते आणि टेस्टोस्टेरॉन खरोखरच वाढते. म्हणून सुरुवातीला पुष्कळदा टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी बायकॅल्युटामाइडसारखी गोळी जोडीला दिली जाते. त्यानंतर पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेते, त्यांची संख्या घटते, साठ्यातून कॅल्शियम सुटण्याची क्रियाही मंदावते, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन अगदी खालच्या पातळीवर येते. मी चेंदणी कोळीवाड्यात, रेल्वेच्या रुळांजवळ राहतो आणि गाड्यांचा आवाज मला आता जाणवत नाही. पण ही उपमा पुरती लागू पडत नाही, कारण माझे कान शाबूत आहेत, पेशी मात्र निरोप ऐकण्याचे साधनच पृष्ठभागावरून काढून घेते.

सतत चेतवल्यावर प्रत्येक पेशी गप्प होते, असा अर्थ मात्र काढू नये. पिट्युटरीतच वाढीचे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी आहेत. त्यांच्यात दुसऱ्या प्रकारचे जी-प्रथिन असते आणि ते सायक्लिक एएमपी या निरोप्याकरवी काम करते. अॅक्रोमेगाली या विकारात हातपाय आणि जबडा वाढत जातो, आणि तो घडवणाऱ्या गाठींपैकी सुमारे 40 टक्क्यांत या जी-प्रथिनातच असा बिघाड असतो की ते स्वतःला बंद करू शकत नाही. तिथे पेशी थकत नाही, संप्रेरक वाढतच जाते. बिघाड रिसेप्टरच्या पुढच्या टप्प्यावर असल्याने रिसेप्टर आत ओढून पेशीला आपली सुटका करून घेता येत नाही, हा फरक मला फार बोलका वाटतो.

आता आपला दुसरा प्रश्न. वडिलांच्या पिट्युटरीतले हे मौन कायमचे नाही. औषधाचा साठा संपला की रिसेप्टर हळूहळू पृष्ठभागावर परततात, हायपोथॅलॅमसचे झोत पुन्हा ऐकू येऊ लागतात आणि टेस्टोस्टेरॉन परत वाढू शकते. कोणात किती वेगाने, हे वयावर आणि उपचार किती काळ चालले आहेत त्यावर अवलंबून असते. म्हणून इंजेक्शन पुढे ढकलण्याचे घरी ठरवू नका. गावी जाण्याची तारीख आजच डॉक्टरांना कळवा आणि निघण्यापूर्वीच ते घेता येईल का, किंवा गावाजवळच्या रुग्णालयात ठरल्या दिवशी देण्याची सोय होईल का, हे विचारून घ्या.