सोलापूरला सुट्टीत येतोय, तलावात बोटीची निवांत फेरी कुठे होईल?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीच्या शेवटी चार दिवस सोलापुरात आहात, सोबत आई आणि दोन मुलं, आणि देवदर्शन सोडून एक दिवस पाण्यावर घालवायचाय. होईल की. फक्त त्यासाठी पहाटे उठून दीडशे किलोमीटर जावं लागेल.

शहरातलं आधी उरकते. सिद्धेश्वर तलाव बघालच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खणलेला, पाण्यात देऊळ, शेजारी भुईकोट किल्ला. पण ती काठावर बसून ऊन उतरताना बघायची जागा आहे. कंबर तलाव सकाळी पाय मोकळे करायला बरा. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा, म्हणजे कागदोपत्री एकरूख, मोठा आहे आणि तिथे पाणपक्षीही दिसतात. पण तुमच्या मनात जी फेरी आहे ती उजनीची.

उजनी म्हणजे भीमेवरचं धरण, १९८० साली पूर्ण झालेलं. त्याचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साचलेलं पाणी, थेट भिगवणपर्यंत पसरलाय. बोटीसाठी धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका, भिगवणजवळच्या कुंभारगावला जा. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, पण पाणी आमचंच. गावातली मासेमारी करणारी मंडळीच होडीतून पक्षी दाखवायला नेतात. आदल्या दिवशी फोन करून ठरवा, शक्यतो रविवार टाळा.

निघण्याआधी एक गोष्ट बघा, उजनीची टक्केवारी, म्हणजे वापरायचं पाणी किती भरलंय ते. सोलापूरकर पावसाळ्यात क्रिकेटच्या स्कोअरसारखी ती विचारत असतो. "प्लसमध्ये आली का?" असं आम्ही विचारतो ते उगीच नाही. एकूण साठा ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे शून्य टक्के झालं तरी निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं, त्याच्याही खाली गेलं की उजनी मायनसमध्ये. तुम्हाला याच्याशी काय करायचंय? रोहित पक्षी, ज्याला सगळे फ्लेमिंगो म्हणतात, तो उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ असेल तर त्याला पाय टेकायला जागाच नसते. पाणी जसं ओसरतं तसे थवे वाढतात. त्यामुळे टक्केवारी अजून नव्वदच्या वर असेल तर फ्लेमिंगोची आशा जरा कमी धरा. फेब्रुवारी-मार्चला येणं जमलं तर जास्त चांगलं. चित्रबलाक, राखी बगळे, चमचा पक्षी, चक्रवाक मात्र जानेवारीतही भेटतील.

आम्ही गेलो होतो ते फेब्रुवारीत, साडेतीनला घर सोडून. पहिल्या होडीवाल्याकडे सहा माणसांत तीनच लाइफ जॅकेट होती. नवरा म्हणाला, "चालतंय की, पाणी शांत आहे." मी ऐकलं नाही. अर्धा तास थांबून दुसरी होडी घेतली. तुम्हीही थांबा, मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का हे फोनवरच विचारा. पाणी शांत दिसतं, पण विस्तार एवढा आहे की वारा सुटला तर अडवायला काही नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी ह्याच उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. म्हणून माझा हट्ट: फेरी सकाळचीच, आणि उन्हाळ्यात वळवाच्या दिवसांत दुपारनंतर नाहीच.

दुसऱ्या होडीवाल्या दादांनी थव्याच्या बरंच अलीकडे मशीन बंद केलं आणि काठीने होडी सरकवायला लागले. खरी फेरी तिथून सुरू झाली. लांबून नुसता गुलाबी पट्टा, मग बदकांसारखा कलकलाट, मग एकेक पाय दिसायला लागला. थव्यात काही मळकट करडे होते; मुलीला वाटलं आजारी आहेत. ती त्यांची पिल्लं, रंग नंतर चढतो. शेजारच्या होडीतला कॅमेरेवाला "उडवा की दादा, शंभर जास्त देतो" म्हणत होता. तेवढं कृपा करून तुम्ही करू नका.

सासूबाई मात्र पक्षी सोडून पाण्याकडेच बघत होत्या. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. शेवटी न राहवून म्हणाल्या, "एवढं पाणी आहे की इथं! मग आपल्याला पाच दिवसांआड का सोडतेत?" दादा काठी थांबवून म्हणाले, "आजी, आमची जमीन ह्याच्या खाली हाय. आम्हालाबी कुणी इचारलं न्हाई." मग काठाला लागेपर्यंत होडीत कुणी फारसं बोललं नाही. जवळच पळसदेवला तर देऊळच पाण्यात आहे, पळसनाथाचं. धरण फार आटलं की ते वर येतं.

मुलांना पाण्यात हात घालू देऊ नका. वरून पुण्याचं सांडपाणी येतं, पाणी हिरवं दिसतं ते त्यामुळेच. पहाटे गारठा असतो, आईंना शाल द्या. होडीत चढताना गुडघ्यांना त्रास होतो, म्हणून चढायला पाट किंवा खुर्ची आहे का तेही विचारून ठेवा. मासे खात असाल तर परतताना भिगवणला चिलापी खा. आमच्या सासूबाई माळकरी, त्यामुळे आम्ही गाडीतच कडक भाकरी आणि शेंगाचटणी उघडली.