शौचावर कंट्रोल राहत नाही, डॉक्टर म्हणतात ॲपमध्ये रोज नोंद ठेवा. खरंच उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या बाळंतपणाला वर्ष होऊन गेलं तरी शीवर पूर्ण कंट्रोल नाही, डॉक्टरांनी मोबाईलवर ॲप घेऊन रोजचं लिहून ठेवायला सांगितलंय आणि ते नुसतं ऐकूनच तुम्हाला कसंतरी झालं. उपयोग होतो. मला झाला म्हणून सांगते.

माझं वय ५७. थोरल्याच्या वेळी चिमटा लावून डिलिव्हरी झाली होती, खूप फाटलं होतं, टाके पडले, पण पुढची बरीच वर्षं ठीक गेली. पाळी गेल्यावर सुरू झालं. आधी नुसता गॅस धरवेना, मग कपड्याला डाग, मग एकदा भाजी घेताना संडास लागली आणि घर दोन गल्ल्यांवर असून पोचले नाही. तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही, मिस्टरांनाही नाही. पाळी नसताना पाळीचे पॅड लावून फिरायचे.

डॉक्टरकडे गेले तर तिथे तोंड उघडेना. किती वेळा होतं, कधीकधी. पातळ होते का, तसं काही नाही. पाच मिनिटांत इसबगोल लिहून मिळालं आणि बाहेर. त्यांना बोल लावत नाही, मीच काही सांगितलं नव्हतं. मग वही केली, ती तांदळाच्या डब्यामागे लपवायची आणि रात्री सगळे झोपले की लिहायची, तोपर्यंत सकाळचं नीट आठवायचं नाही, आठवलं तरी लिहवायचं नाही. ॲप लेकीने टाकून दिलं (तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, ती काही न बोलता जवळ येऊन बसली). फोनचं एक बरं, एसटीत बसून टाइप केलं तरी शेजारच्या बाईला वाटतं व्हॉट्सॲप चाललंय. जेव्हाचं तेव्हा लिहून होतं, आणि सगळा फायदा त्यातच आहे.

ॲप कुठलं ते मी नाव घेऊन सांगत नाही, बॉवेल डायरी म्हणून शोधलं तर बरीच येतात, बहुतेक इंग्रजीत असतात पण नोट लिहायच्या जागी मराठी चालतं. एवढंच बघा की त्यात ब्रिस्टल तक्ता आहे का, पिन टाकून लॉक करता येतं का आणि पीडीएफ काढता येते का. आणि नोटिफिकेशन बंद करा, फोन घरात सगळ्यांच्या हातात जातो.

तो ब्रिस्टल तक्ता म्हणजे चित्रं असतात, १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ आली तर चांगली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी केलेला आहे, १९९७ मध्ये छापून आला, आता सगळीकडचे डॉक्टर तोच वापरतात. त्यामुळे 'जरा सैल होते' असलं काही तोंडाने सांगावं लागत नाही, ६ लिहिलं की त्यांना कळतं.

मी लिहायचे ते एवढंच. वेळ, कितवा टाइप, नुसता डाग की जास्त, पॅड किती बदलले, आधीच्या दोन तासांत काय खाल्लं-प्यायलं, गोळी कुठली घेतली. आणि एक गोष्ट जी मला आधी सुचलीच नव्हती, लागल्याचं कळलं पण धीर धरवला नाही, की कळलंच नाही आणि कपडे बदलताना दिसलं. या दोन्हींचा अर्थ वेगळा. धीर धरवत नाही तेव्हा बहुतेक वेळा आपण जो स्नायू मुद्दाम आवळतो तो बाहेरचा कमजोर असतो, आणि कळतच नाही तेव्हा आतला, जो आपोआप बंद राहायला हवा तो. माझं जवळजवळ सगळं पहिल्या प्रकारचं निघालं.

१६ दिवसांची नोंद घेऊन परत गेले. ९ वेळा झालं होतं, त्यातले ७ सकाळी साडेनऊ ते अकरामध्ये, म्हणजे नाश्ता, शुगरची मेटफॉर्मिन आणि त्यावर दुसरा चहा, हे झाल्यावर. मला वाटायचं कधीही होतं, म्हणून मी कुठेच जात नव्हते, लग्नं सोडली, देवळात जाणं सोडलं. आणि दुपारनंतर १६ पैकी १५ दिवस कोरडे! फोन मी नुसता टेबलावर सरकवला, डॉक्टरांनी बोटाने वर-वर करत सगळं वाचलं आणि एक शब्द मला बोलावा लागला नाही. मेटफॉर्मिनने पातळ होऊ शकते, ती त्यांनी बदलून हळूहळू विरघळणारी दिली, गुदद्वारातून सोनोग्राफी केली त्यात जुनी फाटलेली जागा दिसली, आणि ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ० ते २० असा एक स्कोअर असतो, वेक्सनर म्हणतात, जितका जास्त तितका त्रास. माझा १३ होता, आठ महिन्यांनी ७ झाला. पूर्ण गेलं नाही पण मी आता भाचीच्या साखरपुड्याला दिवसभर थांबते.

नोंद बघून स्वतःच जुलाब थांबवायची गोळी मात्र सुरू करू नका. चार दिवस टाइप १ आणि मग एकदम पातळ डाग असं दिसलं तर आत खडा अडकून त्याच्या बाजूने पातळ झिरपत असू शकतं, त्यावर ती गोळी घेतली तर आणखी अडकतं. आणि रक्त पडत असेल, वजन उतरत असेल तर नोंद पुरी व्हायची वाट बघू नका, लगेच दाखवा. अचानक कंट्रोल गेला आणि मांड्यांमध्ये बधिर वाटतंय, पायात जोर नाही असं झालं तर तेव्हाच्या तेव्हा कॅज्युअल्टीला जा.

रोज आयुष्यभर लिहायचं नसतं. मी मध्ये तीन महिने एक दिवस न चुकवता लिहिलं आणि उलट दिवसभर तेच डोक्यात राहायला लागलं, चहाचा घोट घेतला की घड्याळ बघायचे. फिजिओ मॅडमनी सांगितलं महिन्यातून एकच आठवडा लिहा, बाकी ॲप उघडू नका. तुम्ही आता डॉक्टरांच्या तारखेआधी दोन आठवडे लिहा, बाळाच्या गडबडीत एखादी राहिली तर राहू दे. आणि जायच्या आदल्या रात्री पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ओपीडीत बऱ्याचदा रेंज नसते.