प्रतिबिंबांचं वेड आणि आर्किटेक्चरची पदवी

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिळेल त्या वेळात फोटो काढते. काचेच्या इमारती, पावसानंतरची डबकी, तळी, डोंगरावरचा सकाळचा उजेड. खरं सांगायचं तर डिझाइन स्टुडिओपेक्षा मला यातच जास्त रस आहे. पदवी सोडून फोटोग्राफीचा कोर्स करावा असं मनात घोळतंय. बाबा म्हणतात, हा छंद म्हणून ठीक, यावर पोट भरत नाही. मैत्रीण म्हणते, आता कॉम्प्युटरच हवी तशी चित्रं बनवून देतो, फोटोग्राफरला कोण विचारणार? सोबत काही फोटो पाठवते आहे. तुम्हीच सांगा, काय करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुझे फोटो सावकाश पाहिले आणि मगच लिहायला बसले. आधी सरळ उत्तर: पदवी सोडू नकोस. बाबांचं मन राखायचं म्हणून हे सांगत नाही. तुला जे काम करायचं आहे त्याचं निम्मं शिक्षण आत्ता तुझ्या वर्गातच चाललंय, फक्त तू त्याच्याकडे त्या नजरेनं पाहिलेलं नाहीस. तुझ्याच फोटोंवरून दाखवते.

डबक्याचा फोटो घे. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवलास, म्हणून एवढ्याशा पाण्यात आख्खी इमारत मावली. पाण्यात सरळ वरून डोकावलं तर ते जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं. बाकीचा आत शिरतो, म्हणून तळ दिसतो. नजर जसजशी पाण्याला समांतर होत जाते तसतसं परावर्तन वाढतं आणि अगदी आडव्या नजरेला पाण्याचा आरसा होतो. इथपर्यंत तुझा हात बरोबर पडलाय. पण डबक्याची कड धारदार आहे आणि इमारत धूसर. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर लागला. प्रतिबिंब पृष्ठभागावर चिकटलेलं नसतं. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून इमारतीपर्यंत, ही दोन्ही अंतरं मिळून जेवढी होतात तेवढ्यावर फोकस लागतो.

तळ्याच्या फोटोखाली तू लिहिलं आहेस की खालचा डोंगर वरच्या डोंगराशी जुळत नाही, काठावरच्या झाडांनी तो पाण्यात जास्त झाकलाय, आणि हे लेन्समुळे झालं असावं. लेन्सचा दोष नाही. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल नव्हेच. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याच्या खाली दुसरा कॅमेरा आहे असं समज. त्या खालच्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते म्हणजे प्रतिबिंब. त्याची जागा खाली असल्यामुळे काठावरचं झाड मागच्या डोंगराला जास्त झाकतं आणि पुलाची खालची बाजू जास्त उघडी पडते. आता कागद घे आणि याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढ. पाण्याची रेघ, वर एक डोळा, खाली एक डोळा, आणि दृष्टिरेषा. पाच मिनिटांचं काम. फोटोग्राफी शिकणारी बहुतेक मुलं हे वर्षानुवर्षं अंदाजानं करतात. तुला ते जागेवर जाण्याआधी टेबलावर काढता येतं. पदवी सोडू नकोस म्हणते ती यासाठी.

सूर्याच्या फिरण्याचा तक्ता तुम्हाला शिकवतात तोही असाच. इमारतीच्या एखाद्या भिंतीवर तिरकं ऊन वर्षातले थोडेच आठवडे येतं आणि त्या उन्हातच भिंतीचा पोत उठून दिसतो. ते कधी येईल हे नकाशा आणि तक्ता पाहून सांगू शकणारा फोटोग्राफर आर्किटेक्टला हवाच असतो. कारण छंद आणि धंदा यांत फरक पडतो तो इथे. छंदात आपण प्रकाश चांगला दिसला की कॅमेरा काढतो. व्यवसायात तारीख आधी ठरते, इमारत दुसऱ्याची असते, आणि प्रकाश कुठून, कधी येणार हे तुला आधी माहीत असावं लागतं. लोक पैसे देतात ते या माहिती असण्याचे. सुंदर प्रतिबिंब दिसल्यावर टिपणारे खूप आहेत.

काचेच्या इमारतीच्या फोटोबद्दल जरा कडक बोलते. पोलरायझर, म्हणजे एका दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवून चकाकी कमी करणारा फिल्टर, लावून तो शेवटपर्यंत फिरवलास. मधल्या मजल्यांवरची काच नाहीशी झाल्यासारखी वाटते, कडेच्या मजल्यांवर मात्र आभाळ तसंच चमकतंय. पोलरायझर सगळीकडे सारखा चालत नाही. पाण्यावर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण 53 अंशांवर, काचेवर 56 अंशांच्या आसपास. डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानं 1815 मध्ये हा नियम मांडला. वाइड लेन्समध्ये एकाच काचेच्या भिंतीवर कितीतरी कोन एकदम येतात, म्हणून असे पट्टे पडतात. वर आभाळातही एक गडद डाग आलाय, त्याचं कारण हेच: सूर्यापासून काटकोनातलं आकाश सर्वांत जास्त ध्रुवीकृत असतं, म्हणजे तिथला प्रकाश मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतो. आणि काचांवर जे ठिपके दिसताहेत ना, ती धूळ नाही. टफन्ड ग्लास, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच, बनवताना तिच्यात जे ताण राहतात ते पोलरायझरमधून असे उमटतात. फिल्टर अर्धाच फिरवून पाहा, काढूनही पाहा. धातूच्या चकाकीवर तर त्याचा फारसा उपयोगच होत नाही. माझं मत विचारशील तर काचेच्या इमारतीचं परावर्तन पुसून टाकणं ही चूक आहे. समोरचं आभाळ आणि शेजारच्या इमारती अंगावर घेणं हाच त्या काचेचा स्वभाव आहे आणि आर्किटेक्टनं ती त्यासाठीच निवडलेली असते.

हे काम किती मोलाचं असतं याचं एक उदाहरण तुमच्या अभ्यासातलंच. आर्किटेक्ट मीस व्हान डर रोह यांचं बार्सिलोना पॅव्हिलियन 1929 च्या प्रदर्शनासाठी उभं राहिलं आणि 1930 मध्ये उतरवलं गेलं. त्याच जागी ते पुन्हा बांधून 1986 मध्ये पूर्ण झालं. मधली पन्नासहून जास्त वर्षं ती इमारत जगात नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आर्किटेक्ट तिच्याबद्दल शिकले ते मुख्यतः मोजक्या कृष्णधवल फोटोंवरून. संगमरवर, काच, चकचकीत खांब, पाण्याचे दोन हौद. सगळी इमारतच प्रतिबिंबांवर उभी आहे, आणि ती प्रतिबिंबं कुणीतरी नीट टिपून ठेवली होती. कॉलेजच्या लायब्ररीत ते जुने फोटो शोध आणि कॅमेरा कुठे ठेवला असेल ते प्लॅनवर खूण करून काढ. एक दुपार त्यात घाल, भरपूर शिकशील.

पदवीशिवाय हे जमतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या काचेच्या घराचा 1960 मधला प्रसिद्ध फोटो काढणारे ज्यूलियस शुलमन यांच्याकडे आर्किटेक्चरची पदवी नव्हती. त्या फोटोत खाली शहराचे दिवे आहेत आणि वर काचेच्या खोलीत बसलेल्या दोघीजणी. शहरासाठी शटर बराच वेळ उघडं ठेवलं आणि खोलीसाठी फ्लॅश उडवला. दुसरीकडे फोटोग्राफर एझ्रा स्टोलर आर्किटेक्चर शिकत असतानाच इमारतींचे फोटो काढू लागले. पुढे पदवी त्यांनी औद्योगिक डिझाइनची घेतली, पण शिक्षण पुरं केलं. वाटा दोन्ही आहेत. तुझी निम्मी चालून झाली आहे, म्हणून मी तुला ती पूर्ण करायला सांगते. शिवाय तुझे पहिले ग्राहक आत्ता तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून ड्रॉइंग काढताहेत.

आता बाबांचा प्रश्न. डोंगर आणि तळ्यांचे फोटो विकून घर चालवणं फार थोड्यांना जमतं आणि त्यातले बरेचजण शिकवण्यावर, कार्यशाळांवर आणि पुस्तकांवर कमावतात. इतक्यापुरतं बाबांचं म्हणणं खरं आहे. इमारतींचं तसं नाही. काम संपलं की आर्किटेक्टला फोटो लागतात, पुरस्कारासाठी, मासिकासाठी, पुढचा ग्राहक मिळवण्यासाठी. त्याच इमारतीचे फोटो इंटिरिअर करणाऱ्याला, काच पुरवणाऱ्या कंपनीला, प्रकाशयोजना करणाऱ्याला आणि हॉटेल असेल तर हॉटेललाही हवे असतात. त्यामुळे पैसे दोन वाटांनी येतात: कामाच्या दिवसाचे, आणि फोटो वापरण्याच्या परवान्याचे. कोण वापरणार, कुठे, किती काळ, हे पहिल्या कामापासून लेखी ठरव. सगळे हक्क देऊन टाकले की काच कंपनीनं तोच फोटो जाहिरातीत छापला तरी तुला काही मिळत नाही. इमारतींच्याही बाजूनं हक्क असतात हे लक्षात ठेव. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कुणीही विकावा, पण रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि तिच्या फोटोच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते. नियम देशागणिक बदलतात, म्हणून दर वेळी विचारून घ्यायचं.

मैत्रिणीची शंकाही खोटी नाही. कुठलंतरी तळं, कुठलातरी सूर्यास्त, असल्या सर्वसाधारण चित्रांची मागणी घटणारच. बांधकामाआधीची चित्रं तर कॉम्प्युटर आधीपासूनच करतोय. पण इमारत उभी राहिल्यावर जे हवं असतं ते पुरावा म्हणून हवं असतं. ही इमारत अशी बांधली गेली, तिच्या जिन्यात दुपारी असा उजेड येतो. बनवलेलं चित्र हे सांगू शकत नाही. म्हणून एडिटिंगमध्ये तू स्वतःही जपून राहा. सेन्सरवरची धूळ काढ, उभ्या रेषा सरळ कर, पण नसलेलं आभाळ काचेत बसवू नकोस. तुझ्या पॅनोरमातलं आभाळ बदललेलं आहे हे मला लगेच कळलं, कारण वर ढग आहेत आणि पाण्यात नाहीत.

पुढच्या दोन वर्षांत काय करशील? महत्त्वाचं काम एकच सांगते. जिथे परवानगी सहज मिळेल अशी एक इमारत निवड, शक्यतो जिच्याजवळ पाणी किंवा भरपूर काच आहे, आणि वर्षभर तिच्याकडेच जात राहा. कोवळ्या उन्हात, ढगाळ दुपारी, पाऊस थांबल्या थांबल्या. सूर्य मावळल्यावर आकाश निळं असताना आतले दिवे आणि बाहेरचा उजेड काही मिनिटंच बरोबरीला येतात, ती वेळ रोज थोडी सरकते. त्या वेळेत ट्रायपॉड आधीच लावलेला हवा, तेव्हा फ्रेम शोधत बसलीस तर गेली. दर फोटोबरोबर वेळ, दिशा आणि कॅमेऱ्याची जागा प्लॅनवर मांड. पोर्टफोलिओत वीस ठिकाणचे वीस सुंदर फोटो असण्यापेक्षा ही एक इमारत तुला जास्त काम मिळवून देईल.

तळी आणि डोंगर सोडू नकोस. वाऱ्यानं पाणी हललं की दिव्याचं प्रतिबिंब उभं लांबत जातं, लांब एक्स्पोजर दिलं की लाटा मिटतात, हे पाण्यावर शिकलेलं इमारतीसमोरच्या हौदावर कामाला येतं. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची गडद काच, प्रकाश हजारपट कमी करतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटावर जातं. मात्र तुझ्या जवळजवळ सगळ्याच तळ्यांचं पाणी असं दुधासारखं झालंय. थोडं हलू दे त्याला.

नवा कॅमेरा घेऊ नकोस. आहे तो पुरेसा आहे. दणकट ट्रायपॉड घे. टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता सरकवता आणि कलवता येणारी लेन्स, पुढे लागेल, पण ती गरजेपुरती भाड्यानं आण. तिचा एक उपयोग तुला विशेष आवडेल: आरशासमोर कॅमेरा थोडा बाजूला ठेवायचा, सेन्सर आरशाला समांतर ठेवून लेन्स सरकवायची, की आरसा समोरून पाहिल्यासारखा येतो आणि त्यात कॅमेरा दिसत नाही. फोटोग्राफीचा लांब कोर्स पदवीनंतरही करता येईल. मला विचारशील तर त्याआधी एखाद्या चांगल्या आर्किटेक्चरल फोटोग्राफरकडे सुट्टीत असिस्टंट म्हणून राहा. खुर्च्या सरळ करणं, दिवे चालू-बंद करणं, काचा पुसणं, वाट पाहणं. कामाचा मोठा भाग हाच असतो, आणि तो तुला झेपतो का हे तिथेच कळेल. बाबांनाही त्यानंतरच्या तुझ्या बोलण्यावर जास्त भरवसा वाटेल.

त्या फोटोग्राफरला लिहिताना फोटोंचा गठ्ठा पाठवू नकोस. एका इमारतीचे सहा-सात फोटो, सोबत तिचा प्लॅन आणि कॅमेऱ्याच्या जागा, एवढंच जोड. सेक्शन आणि सूर्याचा तक्ता वाचता येतो हे पहिल्याच ओळीत लिही, आणि कोणत्या तारखांना मोकळी आहेस ते शेवटच्या ओळीत.