'लेग'मधला उपरा 'ग'

मॉरिशसमधल्या एका मराठी शिक्षिकेने विचारलंय: फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना मृत्युपत्राची इंग्रजी शिकवताना फ्रेंच 'एरिताज'ला (वारशाने मिळालेली मालमत्ता) 'हेरिटेज' आणि 'लेग'ला (मृत्युपत्राने कुणाच्या नावे ठेवलेली वस्तू) 'लेगसी' म्हणावं का? प्रश्न तिथल्या गरजेचाच आहे. बेट १८१० साली इंग्रजांकडे गेलं, पुढे कोर्टाची भाषा इंग्रजी झाली, पण वारशाचा कायदा फ्रेंच वळणाचाच राहिला.

'हेरिटेज' मुळीच नको. काकांचं घर मिळालं तर ते 'इन्हेरिटन्स'. हेरिटेज म्हणजे किल्ले, लेणी, परंपरा. तरी 'आजोबांचं हेरिटेज दोन फ्लॅट' या धर्तीची इंग्रजी वाक्यं कानावर येतातच आणि दर वेळी डोकं उठतं. 'ही इन्हेरिटेड ऑफ अ हाउस' हेही ऐकू येईल. तो 'ऑफ' म्हणजे फ्रेंच 'द' या शब्दयोगी अव्ययाची नक्कल आहे, जागच्या जागी खुडा.

आता 'लेग'. अर्थाने 'लेगसी' चालेल, पण दोन्ही एकाच मुळाचे असं जे छातीठोकपणे शिकवलं जातं, ते साफ चूक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द होता 'ले', 'लेसे' या क्रियापदावरून आलेला: सोडणं, मागे ठेवणं. कवी व्हियोंने १४५६ साली मित्रांच्या नावे वस्तू ठेवून जाणारी कविता लिहिली, तिचं नावच 'ल ले'. पुढे पंडितांना मृत्युपत्रातल्या देणगीसाठीचा लॅटिन शब्द 'लेगातुम' आठवला आणि त्यांनी या शब्दात 'ग' घुसवला. जुने लोक तो लिहीत पण उच्चारत नसत. आज 'लेग' सर्रास ऐकू येतं. 'लेगसी' मात्र खरोखर 'लेगातुम'च्या घरातली. इंग्रजीत ती १४व्या शतकात आली तेव्हा तिचा अर्थ होता दूताची कामगिरी!

मग 'लेग'चं इंग्रजीतलं सख्खं भावंड कोणतं? 'लीज'! तीही 'लेसे'चीच. मुंबईत ९९ वर्षांच्या लीजवर जमीन देणारा ती मुदतीपुरती सोडतो, 'ले' लिहिणारा कायमची, एवढाच फरक. मी तर म्हणेन, मुलांना 'लेगसी'च्या आधी 'लीज' शिकवा. 'सोडणं' डोक्यात बसलं की बाकीचं कुटुंब आपोआप ओळखू येतं. 'रिलीज' त्यातलाच. आणि 'रेलिश' सुद्धा! जुन्या फ्रेंचमध्ये 'रले' म्हणजे मागे उरलेलं, त्यावरून इंग्रजीत आधी आली जिभेवर रेंगाळणारी चव, आणि मग बाटलीतलं तोंडीलावणं.